दोन हातांचा कप

मला विचाराल तर जगातला सगळ्यात खोटारडा शब्द म्हणजे नॉर्मल. माझं रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, एमआरआय तर एकदम नॉर्मल. अंबरनाथ पूर्वेचा लॅबवाला एकदा रिपोर्ट हातात देताना म्हणाला, "पेढे द्या साहेब, सगळं क्लीन आहे." मी तेव्हा एक जिना चढून आलो होतो आणि त्याच्या काउंटरला धरून कसाबसा उभा होतो. पेढे कसले मागतोस बाबा, आधी खुर्ची दे.

मी कल्पेश. वय एकोणतीस, राहणार पालेगाव. गाव आता नावापुरतं. आमच्या भाताच्या खाचरांत टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या बाल्कन्यांतून लोक आमच्या अंगणातलं वाळवण बघतात. आम्ही आगरी. आजोबांनी शेती केली, बाबांच्या काळात जमिनी गेल्या, आणि माझ्या वाट्याला एमआयडीसीतल्या एका पॅकिंग कंपनीचं स्टोअर आलं. चांगलं चाललं होतं. चार वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला. डेंग्यू गेला, दुखणं राहिलं.

कसं दुखतं, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. सकाळी उठलो की काल दिवसभर भाताचे भारे वाहिल्यासारखं अंग दुखतं. मी जन्मात भारा वाहिलेला नाही. एके दिवशी खांदे, दुसऱ्या दिवशी मांड्या, तिसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर मानेला लागली तरी डोळ्यांत पाणी. झोप लागते, पण झोपेने काही होत नाही. स्टोअरमध्ये उभं राहून समोरच्या चिकटपट्टीला काय म्हणतात तेच आठवत नाही. आणि वरून बघाल तर मी धडधाकट. दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, सगळ्या बाजूंनी नॉर्मल.

दोन वर्षं हिंडल्यावर उल्हासनगरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं. फायब्रोमायल्जिया. त्या म्हणाल्या, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, दुखणं खरं आहे; मेंदूपर्यंत दुखल्याची खबर नेणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जोरात ओरडते आहे. मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. वरातीतल्या बेंजोवाल्याने आवाजाचं बटण पार वर नेऊन ठेवलंय आणि तो जेवायला गेलाय. गोळ्या घ्या, रोज थोडं चाला, झोप सांभाळा, आणि बऱ्या दिवशी अंगात आल्यासारखं धावू नका, असं त्यांनी सांगितलं. पूर्ण बरं होईल का, विचारलं तर म्हणाल्या, त्याच्यासोबत चांगलं जगता येईल. मी बाहेर बाकावर बसून रडलो. वाईट वाटलं म्हणून नाही हो. कोणीतरी 'खरं आहे' म्हणालं म्हणून.

घरी येऊन नाव सांगितलं. बाबांनी, म्हणजे हरिचंद्र पाटलांनी, टीव्हीचा आवाज वाढवला. आई, सगुणाबाई, धावत येऊन खिडकी लावून बसली. "हलू बोल पोरा," ती म्हणाली. "तुजं लगीन जमायचं हाय. भायेर कोनला कललं तं पोरगी देतील काय?" त्या दिवसापासून मला बाहेरच्यांसाठी कंपनीत लचक भरलेली असते. दोन वर्षं एकच लचक! लोकांना ती पटते, हे विशेष.

घरात हे दुखणं फक्त एका माणसाने वाचायला शिकलं. माझी भाची, भाविका.

माझी बहीण उमाताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. ती गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. तिची भाविका आता बावीसची, म्हणजे मामा-भाची म्हणायचं आणि भांडायचं भावंडांसारखं. ती कबड्डी खेळते, उजवा कोपरा. समोरच्याचा घोटा एकदा तिच्या हातात आला की विषय संपला. ही बया एकदा मी चहा पिताना माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "मामा, बऱ्या दिवशी तू कप एका हाताने धरतोस. वाईट दिवशी दोन हातांनी. तुला माहितेय?" मला माहीत नव्हतं. तेव्हापासून ती फोन करून 'कसा आहेस' असलं काही विचारत नाही. विचारते, "कितीचा कप?" मी एक किंवा दोन सांगतो. दोन म्हटलं की ती घरी आल्यावर माझा कप अर्धाच भरते. भरलेला कप दोन हातांच्या दिवशी मनगटाला जड होतो, हेही तिनेच ओळखलं.

तर या भाविकाचं लग्न ठरलं. मुलगा बदलापूर गावातला, स्वभावाने गरीब. तिच्या पकडीत सापडला बिचारा. सगळे खूश होते आणि मला घाम फुटला होता, कारण आमच्याकडे नवरी मांडवात चालत येत नाही. हळद लागलेल्या पायांना लग्न लागेपर्यंत माती लागू द्यायची नाही. सख्खा मामा तिला देवघरातून उचलतो, अंगण पार करून मांडवात आणतो आणि पाटावर उभी करतो. तो मामाचा मान. बाबांनी आपल्या सगळ्या भाच्या अशाच उचलून आणल्या. एकीला तर बाबा पळत घेऊन गेले होते, ती गोष्ट ते अजून सांगतात. आणि भाविकाला सख्खा मामा एकच. मी.

नाही म्हणायला माझा चुलतभाऊ समर्थ आहे. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडतात. पण माणूस सरळ. गेल्या वर्षी त्याच्या हळदीला मी नाचलो होतो. त्या दिवशी अंग हलकं होतं. डेंग्यूनंतर इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, म्हणून वेड्यासारखा नाचलो. कोणाकोणाला खांद्यावर घेतलं. नंतरचा आठवडा मी अंथरुणात होतो, बाथरूमला जाताना भिंत धरत होतो. ते कोणी पाहिलं? कोणीच नाही. नाच सगळ्यांनी पाहिला, त्याचा व्हिडिओसुद्धा आहे. आजही मी कुठे 'जमणार नाही' म्हटलं की कोणीतरी म्हणतं, "नाचताना बरं जमलं रे तुला!"

लग्नाच्या खरेदीला आम्ही उल्हासनगरला गेलो. बाबा, उमाताई, भाविका आणि मी. आमच्यात लग्नानंतर पाहुण्यांना मानाचे टॉवेल-टोपी देतात. ते घ्यायला बाबा दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवत नाहीत. सिंधी दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. लाल, हिरवे, जांभळे, सगळे काठांचे. बाबा प्रत्येक टॉवेल गालाला घासून बघत होते. "वडी साईं, पहलवान को भी चुभेगा नहीं," दुकानदार म्हणाला आणि त्याने एक टॉवेल कौतुकाने माझ्या मानेवर टाकला. मी असा दचकलो की त्याचा गल्लावाला उठून उभा राहिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तो टॉवेल त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसऱ्या, मऊ मालाचे गठ्ठे काढायला लावले. मला वाटलं, पाहुण्यांसाठी.

मग माझा सदरा. भाविकाने तिथल्या सगळ्या जरीच्या शेरवान्या हाताने बाजूला सारल्या आणि साधा मलमलचा कुर्ता काढला. "मामाला हाच." उमाताई म्हणाली, "अगं, मामाचा मान असतो, कायतरी झगमग पाहिजे." भाविका म्हणाली, "मला उचलणार तो, झगमग नाही." आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "उचलशील ना?"

मी म्हटलं, "तुला? तू काय, पापडासारखी आहेस."

ती हसली नाही.

त्यानंतर मी तयारीला लागलो. चालणं वाढवलं, पण बेताने. सांजवेळी गच्चीत तांदळाचं पोतं उचलून बघायचो. अर्धं भरलेलं, मग पाऊण. एका हाताच्या कपाच्या दिवशी जमायचं. दोन हातांच्या दिवशी पोतं नुसतं माझ्याकडे बघायचं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "उचलाल हो. प्रश्न नंतरच्या दिवसांचा आहे. तुम्हीच ठरवा, त्या क्षणाचं मोल किती." अशी उत्तरं मला आवडत नाहीत. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

लग्नाला चार दिवस राहिले असताना समर्थ घरी आला. दारातच घुटमळत उभा. "कल्पेश, राग मानू नको," तो म्हणाला. "काका माझ्याकडे आले होते. भाविकाला तू उचल म्हणाले. मी हो बोललो, पण तुला माहितीय ना? नाही म्हणजे, तुझा मान आहे."

मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यातून अशी सणक गेली की दुखणं क्षणभर विसरलो. बाबा मागच्या पडवीत खुर्चीवर बसून मांडवाच्या दोऱ्या सोडवत होते. मी तिथे गेलो.

"तुम्ही समर्थला सांगितलंत?"

"सांगतला," बाबा म्हणाले. दोरीवरून नजर उचलली नाही.

"मला न विचारता?"

"तुना इचारलं असतं तं तू हो बोलला असतास काय?"

"चार वर्षं!" मी ओरडलो. "चार वर्षं मी बोंबलतोय, दुखतंय, दुखतंय. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. आईने खिडक्या लावल्या. नाटकं, आळस, बाहेरचं काहीतरी, सगळं ऐकून घेतलं. आणि आता एकदाचं तुम्हाला पटलं, तर पहिलं काम काय केलंत? माझा मान काढून दुसऱ्याला दिला? मग नसतं पटलं तर बरं होतं!"

आई चुलीपाशी होती, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बाबांनी दोरी खाली ठेवली.

"परवा सकाली," ते सावकाश म्हणाले, "तू जिन्यात बसला व्हतास. एक बूट पायान, एक हातान. मी वरशी बगत व्हतो. कवरा येल बसलास तू. बूट घालायला माज्या पोऱ्याला जमत नाय, आनी त्यो भाचीला उचलनार?"

मी पडवीच्या खांबाला टेकलो.

"तू उचलशील," बाबा पुढे म्हणाले. "मना ठाव हाय, दात खाऊन उचलशील. माजाच पोऱ्या हायस तू. मंग सगला गाव काय बोलंल? बगा, कायपन झायला नाय याला. मंग परत तू दुखतंय बोललास तं कोन ऐकल? समर्थच्या हलदीत नाचलास, त्याचं काय झायलं तुना म्हाईत हाय."

मी रागाने तसाच बाहेर पडलो आणि टॉवरच्या कंपाउंडपर्यंत चालत गेलो. राग यासाठी आला होता की म्हातारा बरोबर बोलत होता. उचललं तर मी मामा राहणार, पण खोटा ठरणार. नाही उचललं तर दुखणं खरं ठरेल, पण मामा समर्थ होणार. दोन्ही पाहिजे होतं मला. भाचीही आणि दुखणंही. आता यात मी जास्त काय मागत होतो, सांगा.

हळदीच्या दिवशी मी शहाण्यासारखा वागलो. नाचलो नाही. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो, टाळ्या वाजवल्या. तरी त्या डीजेचे स्पीकर माझ्या बरगड्यांतून आरपार जात होते, आणि येणारा प्रत्येक जण प्रेमाने पाठीत धपाटा घालत होता. आमच्या लोकांचं प्रेम पाठीतून सुरू होतं. भाविका हळदीने पिवळीधमक होऊन पाटावर बसली होती. तिथून ती माझ्याकडे बघून एक बोट दाखवायची, मग दोन बोटं, आणि भुवया उंचावायची. कितीचा कप? मी एक बोट दाखवलं. खोटं होतं ते.

लग्नाच्या सकाळी उठलो तेव्हा कळलं, आज दोन हातांचा कप आहे. हात तर सोडाच, पापण्या दुखत होत्या. मुहूर्त गोरजाचा होता, म्हणजे सांजेपर्यंत वेळ होता. गोळी घेतली, गरम पाण्याने शेकलं, दुपारभर पंख्याखाली पडून राहिलो. आईने येऊन दंडाला काळा दोरा बांधला. मी बांधू दिला. त्या क्षणी कोणी डांबर फासलं असतं तरी मी हात पुढे केला असता.

ऊन कललं तसा मलमलचा कुर्ता घालून मी उमाताईच्या घरी गेलो. बदलापूरचं वऱ्हाड आलं होतं. मांडव भरला होता. देवघराच्या दारात मानाच्या टॉवेलांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये रचून ठेवले होते. आत गंगू धवलारीण बसली होती. आमच्याकडे लग्नाचे धवले गाणारी बाई असते, ती ही. आवाज फाटका, पण लांबवर जाणारा. ती मामाचा धवला गात होती, भाचीला मामा आणतो कसा, फुलासारखी आणतो कसा. घ्या. हेच राहिलं होतं.

"नवरीचा मामा! नवरीच्या मामाला बोलवा!" भटजींनी माइकवरून पुकारलं.

भाविका पाटावर उभी होती. मुंडावळ्या, हिरवा चुडा, पिवळे पाय. दाराशी माणसांची ही गर्दी. समर्थ एका बाजूला हात मागे बांधून उभा होता, आणि बाबा टॉवेलांच्या गठ्ठ्यापाशी. भाविका पुटपुटली, "मामा, खरं सांग. कितीचा?"

"दोन," मी म्हटलं.

"मग?"

मागून कोणीतरी ओरडलं, "उचल रे कल्पेश, नाचताना बरा उचलत व्हतास!" लोक हसले. मी वाकलो. एक हात तिच्या पाठीमागे घातला, एक गुडघ्यांमागे. आणि खरं सांगतो, मी तिला उचललं असतं. पाठीतून कळ आली, मांड्या थरथरल्या, पण अंगात होतं तेवढं. दात खाल्ले असते, अंगण पार केलं असतं, टाळ्या पडल्या असत्या. मोबाइल तयारच होते. आणि उद्यापासून तो व्हिडिओ मला आयुष्यभर दाखवला असता.

मी हात काढून घेतले आणि सरळ उभा राहिलो.

"माझं दुखतं," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला आजार आहे. चार वर्षं झाली. आज माझ्याने उचलवणार नाही."

गंगूचा धवला मध्येच थांबला. आईने तोंडाला पदर लावला. दाराशी बदलापूरच्या चार बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीची मुलगी लग्नाची होती, हे आईने मला आधीच दाखवून ठेवलं होतं. मला लाज वाटली. खूप वाटली. पण पोटात कुठेतरी मोकळंही वाटलं. दोन वर्षांची लचक एकदाची सुटली.

"समर्थ, ये रे पुढे," कोणी काका म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

समर्थने एक पाऊल टाकलं. भाविकाने चुड्याचा हात वर केला. "समर्थमामा, तुझ्यावर राग नाही. पण मला हात लावलास तर घोटा पकडीन, आणि मग तुलाच उचलून न्यावं लागेल."

हशा पिकला. समर्थ जागच्या जागी थांबला. "मला माझा मामा आणणार," भाविका म्हणाली. "कसा पण आणू दे."

"अगं, पण चालत कशी जाशील?" उमाताई रडकुंडीला आली. "पायाला माती लागेल. असं कधी झालंय का आपल्यात?"

सगळे एकदम बोलायला लागले. खुर्चीत बसवून न्या, पाटासकट उचला, भटजींना विचारा. भटजी घड्याळ बघत होते. तेवढ्यात टरकन प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. बाबांनी मानाच्या टॉवेलांचा पहिला गठ्ठा फोडला होता. ते खाली बसले. बाबांचे गुडघे धड नाहीत, त्यांना खाली बसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी एक लाल टॉवेल झटकून पाटापुढे अंथरला. मग हिरवा. मग जांभळा.

"बाबा, ते पाहुण्यांचे आहेत!" उमाताई म्हणाली.

"पावन्यांना धुवून देऊ," बाबा म्हणाले. "पायघड्या नाय घालत काय लोकां? माजी नात पायघड्यांवरशी जाईल. मामाचा हात धरून."

आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चल. हात दे तिला."

मी हात पुढे केला. दुसरं कोणी असतं तर घट्ट धरला असता. भाविकाने नुसता तळहात माझ्या तळहाताखाली ठेवला, वजन माझं, आधार तिचा. आम्ही निघालो. गंगूला काय झालं कोण जाणे, तिने पुन्हा आवाज लावला आणि धवल्यातला मामा आता भाचीला हाताला धरून आणू लागला. बाई हुशार!

अंगण लांब आणि टॉवेल पुरेनात. मग समर्थ कामाला लागला. आमच्या मागचे टॉवेल गोळा करायचा, धावत पुढे यायचा, अंथरायचा, परत मागे. भाचीला उचलायला आलेला पैलवान ओणवा होऊन टॉवेल मागे-पुढे नेत होता आणि घामाने निथळत होता. "हळू चाला रे," तो धापा टाकत म्हणाला, "मला दम लागला." लोक हसत होते आणि बायका डोळे पुसत होत्या. मी सावकाश चालत होतो, मला जमेल तसा. भाविकाही तशीच. जन्मभर घाई करणारी ही पोरगी, आपल्याच लग्नात माझ्या चालीने चालली.

मांडवाच्या तोंडाशी नवऱ्याचे काका उभे होते, जाडजूड मिशांचे. बाबा आमच्या बाजूने चालत आले होते, त्यांना त्या काकांनी विचारलं, "पाटील, पोऱ्याला काय झालं? अॅक्सिडेंट वगैरे?"

आई घाईघाईने पुढे झाली. सवय ती. "नाय ओ, कंपनीत जराशी लचक—"

"लचक बिचक काय नाय," बाबांनी तिला तोडलं. सगळा मांडव ऐकत होता, बदलापूरच्या त्या बायकाही. "त्याचं दुखतं. आंग दुखतं त्याचं. रिपोटान दिसत नाय, पन दुखतं. चार वरसां झाली, रोज दुखतं."

'रोज' म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

मी रडलो. मुंडावळ्या बांधलेल्या भाचीच्या शेजारी उभा राहून, एवढ्या वऱ्हाडासमोर, एकोणतीस वर्षांचा मी लहान पोरासारखा रडलो. भाविका म्हणाली, "मामा, रडायचं मी असतं आज. बस कर." आणि तीही रडायला लागली. भटजींनी वैतागून माइकवर सांगितलं की मुहूर्ताला काहीच मिनिटं आहेत, रडणं नंतर. मग मी तिला पाटावर उभी केली. म्हणजे ती आपली आपण चढली, मी हात धरला होता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, त्यांतल्या काही माझ्या मानेवर टोचल्या, तर टोचल्या. समर्थने कुठूनशी खुर्ची आणून माझ्या मागे ठेवली. सगळ्यांची तोंडं काही बंद झाली नाहीत, एक काका म्हणालेच, "आजकालच्या पोरांना कायपन होतं." त्या बदलापूरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईचा चेहरा उतरला. उतरू दे. आता जी येईल ती माहीत असून येईल.

जेवणाच्या पंगती बसायला लागल्या तेव्हा मी खुर्चीतच होतो. उठायला अंग तयार नव्हतं. बाबा गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. त्यांच्या खांद्यावर पिवळ्या पावलांचे डाग पडलेला एक टॉवेल होता, आणि हातात चहाचा कप.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. सगळ्यांच्या देखत.

कप अर्धाच भरलेला होता.

"बाकीचा मागून आनतंव," बाबा म्हणाले आणि माझ्याजवळ उभे राहिले, मी तो पिऊन होईपर्यंत.